परदेशात नवऱ्याकडून छळ आणि व्हिसा त्याच्याच नावावर: नाशिकच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या कोर्टात कौटुंबिक खटले चालवते. परदेशी दिलेल्या मुलींचे आईवडील सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून फाइल घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पोटगीचा नसतो. तो असतो, "आता तिचा व्हिसा राहील का?" बहुतेक प्रकरणं अमेरिकेची असतात, म्हणून हे पान मुख्यतः अमेरिकेबद्दल आहे. तिथला इमिग्रेशनचा अर्ज बाई स्वतः भरू शकते, नाहीतर तिथला परवानाधारक वकील किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी भरतो. इथला कुणी व्हिसा एजंट "मी काम करून देतो" म्हणाला, तर पैसे देऊ नका.

जावई म्हणतो, "एक ईमेल टाकला की तुमची मुलगी डिपोर्ट." खरंच असं होतं का?

नाही. नवरा हा सरकार नव्हे. कुणालाही देशाबाहेर काढायचं तर त्याची रीतसर प्रक्रिया असते आणि तिथे तिला आपली बाजू मांडता येते. शिवाय छळ झालेल्या व्यक्तीसाठी जे खास अर्ज आहेत, त्यांची माहिती इमिग्रेशन खात्याला नवऱ्याला सांगता येत नाही. केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीच्या भरवशावर तिच्याविरुद्ध निर्णय घेण्यालाही कायद्याने मनाई आहे.

मात्र धमकी पूर्ण पोकळही नसते. तिचा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) त्याच्या एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) उभा असेल, तर घटस्फोट झाला किंवा त्याची नोकरी गेली की तिच्या दर्जाचा, म्हणजे तिथे कायदेशीर राहण्याच्या हक्काचा, पाया जातो. म्हणून घाबरायचं नाही, पण हातावर हात धरूनही बसायचं नाही. आणि ती धमकी मेसेजमध्ये दिली असेल तर तो मेसेज पुसू नका. तो पुरावा आहे.

नवऱ्याशिवाय ग्रीन कार्ड मिळू शकतं, असं ऐकलं. कुणाला मिळतं?

नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर. १९९४च्या 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट'मध्ये ही सोय आहे. वकील मंडळी तिला 'वावा' म्हणतात. एरवी बायकोसाठी अर्ज नवऱ्याने करायचा असतो. इथे ती स्वतःच, त्याच्या नकळत, आय-३६० हा फॉर्म भरते. त्याला सरकारी फी नाही. पत्ता म्हणून मैत्रिणीचा किंवा वकिलाचा सुरक्षित पत्ता देता येतो.

तिला दाखवावं लागतं ते असं: लग्न खरं होतं, केवळ कागदासाठी केलेलं नव्हतं, ती त्याच्यासोबत राहिली, तिला मारहाण किंवा अतिशय क्रूर वागणूक झाली, आणि तिचं स्वतःचं चारित्र्य चांगलं आहे. या शेवटच्या मुद्द्यासाठी साधारण मागच्या तीन वर्षांचा हिशोब पाहतात. त्यातला काही काळ ती नाशिकला राहिली असेल, तर इथून पोलीस क्लिअरन्स काढावा लागू शकतो.

नवरा नागरिक असेल तर तिला व्हिसा क्रमांकाच्या रांगेत थांबावं लागत नाही. तो ग्रीन कार्डधारक असेल तर रांग आहे. अर्जाचा निकाल लागायलाच वर्षं जातात, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे सहाव्या महिन्यात "काहीच होत नाही" म्हणून कुणी कंटाळणार नाही. त्याने आधी तिच्यासाठी अर्ज केला होता आणि रागाने मागे घेतला, तरी तिचा स्वतंत्र अर्ज त्यामुळे पडत नाही.

हात उचलला नाही, पण एक डॉलर हातात देत नव्हता, फोन तपासायचा, घरात कोंडायचा. हे धरतात का?

धरतात. अतिशय क्रूर वागणूक म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैशांवर ताबा, माणसांपासून तोडणं, पासपोर्ट लपवणं, हाकलून देण्याची सततची भीती घालणं, जबरदस्तीचे शरीरसंबंध, हे सगळं त्यात येतं. एकट्या प्रसंगापेक्षा सगळ्यांचा मिळून दिसणारा वागण्याचा नमुना महत्त्वाचा.

सासूबद्दल हमखास विचारतात. सहा महिने राहायला आलेल्या सासूने छळलं आणि नवऱ्याला त्याची गंधवार्ताही नव्हती, तर 'वावा'मध्ये ते बसत नाही. पण त्याच्यासमोर चाललं होतं, त्याने मान्य केलं किंवा साथ दिली, तर ते त्याच्या खात्यावर मांडता येतं. जबाब लिहिताना म्हणूनच "सासू असं म्हणाली" एवढ्यावर थांबू नका. तेव्हा तो कुठे होता, काय म्हणाला, हेही लिहा.

आमचा जावई एच-१बीवर आहे. मग?

नाशिकमधून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर सर्वांत कमी समाधानाचं. एच-१बीवरचा नवरा नागरिकही नाही आणि ग्रीन कार्डधारकही नाही. म्हणून 'वावा'चा स्वतंत्र अर्ज तिला करता येत नाही. भारतीयांच्या ग्रीन कार्डच्या रांगा इतक्या लांब आहेत की नवरा वर्षानुवर्षं एच-१बीवरच असतो आणि बायको तितकीच वर्षं त्याच्या नावावर. कायद्यातली ही फट आपल्याच मुलींना सगळ्यांत जास्त बोचते, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही चार वाटा आहेत.

पहिली, कामाचा परवाना. २०१५पासून काही एच-४ बायकांना नोकरी करता येते, पण तो परवाना नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेला बांधलेला. छळ सोसलेल्या एच-४ पत्नीसाठी वेगळा अर्ज आहे, आय-७६५व्ही. तो नवऱ्याच्या सहीशिवाय होतो. छळामुळे घटस्फोट झाला असेल तरी त्यानंतर दोन वर्षांच्या आत करता येतो. त्यासाठी ती अमेरिकेत राहत असली पाहिजे. याने ग्रीन कार्ड मिळत नाही, पण स्वतःचा पगार सुरू होतो. बँकेत स्वतःचं खातं असलेली बाई वकिलाशी वेगळ्या आवाजात बोलते, हे मी पाहिलं आहे.

दुसरी, यू व्हिसा. घरगुती हिंसा, पाठलाग, कोंडून ठेवणं, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांच्या बळींसाठी हा आहे. इथे नवऱ्याचा व्हिसा कुठला याला महत्त्व नाही. अट अशी की तिने तिथल्या पोलिसांना किंवा सरकारी वकिलाला मदत केलेली असावी आणि त्या यंत्रणेने आय-९१८ या यू व्हिसाच्या फॉर्मच्या पुरवणी 'बी'वर तसं लिहून सही द्यावी. ती सही सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी फक्त १०,००० यू व्हिसा असल्याने रांग फार मोठी आहे. २०२१पासून मात्र प्रथमदर्शनी खरा वाटणाऱ्या अर्जदाराला, ती अमेरिकेत असेल तर, रांगेत असतानाच कामाचा परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. यू दर्जात तीन वर्षं काढल्यावर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो.

म्हणूनच ९११ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या पोलीस क्रमांकाला, फोन करायचा की नाही, हा केवळ त्या रात्रीचा प्रश्न नसतो. इकडून आई म्हणते, "पोलीस नको, त्याची नोकरी जाईल." आईची काळजी खोटी नाही. पण पोलिसांकडे नोंदच नसेल तर यू व्हिसाचं दार जवळपास बंद होतं. ऐन मारहाणीत तर विचार करत बसायचं नाही, फोन करायचा.

तिसरी वाट म्हणजे स्वतःचा दर्जा: शिक्षणासाठी एफ-१, किंवा पात्रता असेल तर स्वतःचा एच-१बी. हे घटस्फोटाच्या हुकमाआधी हलवावं लागतं, कारण हुकूम झाला की एच-४ राहत नाही.

चौथी, फार थोड्यांसाठी: कुटुंबाने पासपोर्ट काढून घेऊन सक्तीने राबवलं असेल, तर मानवी तस्करीच्या बळींसाठीचा टी व्हिसा. आश्रयाचा अर्जही लोक सुचवतात. त्याला अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, आणि घरगुती हिंसेच्या कारणावर तो द्यावा की नाही याबाबत तिथलं धोरण २०१४पासून सरकारागणिक उलटंपालटं होत आलं आहे. निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नये.

मुलीला दोन वर्षांचं ग्रीन कार्ड मिळालं आहे. पुढच्या अर्जावर नवऱ्याची सही लागते म्हणे.

लग्नाला दोन वर्षं होण्याआधी ग्रीन कार्ड मिळालं तर ते सशर्त असतं. अट काढण्यासाठी आय-७५१ हा फॉर्म दोघांनी मिळून भरायचा असतो. छळ झाला असेल किंवा खरं लग्न घटस्फोटाने संपलं असेल, तर एकटीनेही भरता येतो. सही मिळावी म्हणून आणखी दोन वर्षं मार खाण्याची गरज नाही.

दिवाळीला म्हणून नाशिकला आणलं, माहेरी सोडलं आणि पासपोर्ट घेऊन तो परत गेला. आता?

प्रथम पासपोर्टचं. पोलीस ठाण्यात कुणीतरी सल्ला देईल, "गहाळ झाला असं लिहा, लवकर काम होईल." तसं लिहू नका. नवऱ्याने काढून नेला असेल तर तसंच लिहा, तारखेसकट. उद्या अमेरिकेच्या अर्जात "त्याने पासपोर्ट हिसकावला" म्हणाल आणि तुमच्याच सहीचा "गहाळ" असा कागद समोर येईल. पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, नवऱ्याची नव्हे. त्या तक्रारीच्या आधारे नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नव्यासाठी अर्ज करा. २०१६च्या अखेरीस नियम सैल झाले आहेत. विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही आणि विभक्त बाईला नवऱ्याचं नाव घालण्याचीही नाही. आत अमेरिकेचा व्हिसा होता, तर मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीलाही कळवा.

पुढचं तिच्या दर्जावर आहे.

ग्रीन कार्ड असेल तर घाई करा. अमेरिकेबाहेर एक वर्ष होण्याआधी परतणं सोपं असतं. कार्डही त्यानेच नेलं असेल, तर विमानात बसण्यापुरतं कागदपत्र वकिलातीतून मिळतं, त्यासाठी आय-१३१ए हा अर्ज आहे. वर्ष उलटलं, तर परतणाऱ्या रहिवाशाचा वेगळा व्हिसा मागावा लागतो आणि आपल्या हातात नसलेल्या कारणाने अडकलो हे सिद्ध करावं लागतं. तिथेही पोलिसातली ती पहिली तक्रार कामी येते.

नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि तिच्याकडे काहीच नाही, तरी 'वावा'चा अर्ज नाशिकमध्ये बसून करता येतो. त्यासाठी छळाचा काही भाग अमेरिकेत घडलेला हवा, किंवा नवरा अमेरिकी सरकारच्या अथवा सैन्याच्या नोकरीत हवा. ही तरतूद इकडच्या अनेक वकिलांनाही माहीत नसते.

एच-४ असेल तर खरं सांगते, नवऱ्याच्या सहकार्याशिवाय त्याच व्हिसावर परत जाणं जवळपास अशक्य. तिथे पोलिसांत नोंद झाली असेल तर यू व्हिसाचा अर्ज भारतातूनही करता येतो. तिथल्या कोर्टाच्या तारखेसाठी मानवतेच्या कारणावरून तात्पुरत्या प्रवेशाची विनंती करता येते, पण ती क्वचित मंजूर होते.

आणि जी अजून तिकडेच आहे, तिच्यासाठी उलटा इशारा. तिचा दर्जा संपून १८० दिवसांहून जास्त काळ झाला असेल, तर देश सोडताच तीन वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. वर्षाच्या वर झाला असेल तर दहा वर्षांची. "आधी घरी ये, मग बघू" हे आईबापाच्या तोंडून येणं साहजिक आहे. जिवाला धोका नसेल, तर तिकीट काढण्याआधी तिथल्या वकिलाशी एकदा बोला.

समाजातले वडीलधारे म्हणतात, संमतीने घटस्फोट घेऊन मोकळी हो. घेऊ का?

घ्या, पण तारखा बघून. 'वावा'चा अर्ज घटस्फोटानंतरही करता येतो, मात्र हुकमापासून दोन वर्षांच्या आत, आणि घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवून. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातला हुकूमही त्या घड्याळात मोजला जातो.

दुसरं, तडजोडीच्या मसुद्यात एक ठरावीक वाक्य असतं, "आमची एकमेकांविरुद्ध कुठलीही तक्रार नाही." टायपिस्ट ते जुन्या मसुद्यातून जसंच्या तसं उचलतो. हेच वाक्य उद्या अमेरिकेतल्या अधिकाऱ्यासमोर तिच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. ते बदलून घ्या. बैठकीत कुणाला राग आला तर येऊ दे.

तिसरं, दुसरं लग्न. चांगलं स्थळ आलं म्हणून घाईने उरकलं जातं. 'वावा'चा अर्ज मंजूर होण्याआधी तिने पुन्हा लग्न केलं, तर तो अर्ज नामंजूर होतो. मंजुरीनंतर केलं तर चालतं.

त्याने तिकडच्या कोर्टातून घटस्फोट घेतला आणि हुकूम ईमेलने पाठवला. आम्ही तो मानायचा का?

भारतात बहुधा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या वाय. नरसिंह राव खटल्यात स्पष्ट केलं, की हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, पत्नीने तिथल्या कोर्टाचा अधिकार मनापासून स्वीकारला नसताना दिलेला परदेशी घटस्फोट इथे बंधनकारक नाही. पण अमेरिकेत तोच हुकूम वैध ठरू शकतो. म्हणजे इथे ती त्याची बायको आणि तिथे घटस्फोटित, असं दोन्ही एकाच वेळी खरं असतं. इमिग्रेशनची दोन वर्षं मोजताना सावधपणा म्हणून अमेरिकेतल्या हुकमाची तारीखच धरा.

तिथलं समन्स आलं तर फेकून देऊ नका, आणि घाईने उत्तरही देऊ नका. उत्तराच्या भाषेवर इथला बचाव अवलंबून असतो. दोन्हीकडच्या वकिलांनी एकमेकांशी बोलायला हवं.

त्याची तिकडे आधीच एक बायको होती, हे नंतर कळलं. मग आमचं लग्नच नाही?

तिने खऱ्या भावनेने, विधिवत लग्न केलं आणि ते केवळ त्याच्या आधीच्या लग्नामुळे अवैध ठरलं, तर 'वावा' तिला वगळत नाही. हॉलची पावती, पत्रिका, सप्तपदीचे फोटो आणि महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जपा. नोंदणी उड्डाणाआधीच करून घ्या, नंतर त्याची सही मिळत नाही.

पुरावा म्हणून काय चालतं? सगळे कागद मराठीत आहेत.

छळाच्या या अर्जांत विश्वासार्ह असा कुठलाही पुरावा विचारात घेतला जातो. पोलीस रिपोर्ट असलाच पाहिजे असं 'वावा'ला नाही. सर्वांत वजनदार असतो तिचा स्वतःचा तपशीलवार जबाब. "तो खूप त्रास द्यायचा" हे वाक्य काहीच सांगत नाही. "डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी त्याने माझा फोन भिंतीवर आपटला, कारण मी भावाला फोन केला होता," यातून चित्र उभं राहतं.

इथल्या घरच्यांचे जबाबही उपयोगी. रात्री दोनला आलेला फोन आईने उचलला असेल, तर त्या रात्री तिने काय ऐकलं ते आईने लिहावं. आईने मराठीत लिहिलं तर उत्तमच, कारण ते तिचंच वाटतं. सोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे" असं भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. नोटरीच्या शिक्क्याची अमेरिकेला गरज नाही.

व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून तिच्या नव्या ईमेलवर पाठवा. जुन्या ईमेलचा पासवर्ड त्याला बहुतेक माहीत असतो. आणि 'फॅमिली' ग्रुपवर तिचा नवा पत्ता टाकू नका. त्या ग्रुपमध्ये कुणीतरी त्याचाही नातेवाईक असतो.

मारहाण तिकडे झाली. नाशिकला तक्रार घेतात का?

घेतली पाहिजे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५प्रमाणे ती तात्पुरती जरी नाशिकला राहत असली, तरी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे जुनं ४९८अ आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६, माहेरच्या गावी नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये रूपाली देवी खटल्यात म्हटलं आहे. जे पूर्णपणे परदेशात घडलं, त्याचा खटला चालवायला मात्र केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

ती अजून त्याच्या एच-१बीवर तिथेच राहत असेल, तर एक हिशोब आधी करा. इथल्या वॉरंटमुळे त्याचा पासपोर्ट अडकला आणि नोकरी गेली, तर तिचा एच-४ही त्याबरोबर जातो. गुन्हा नोंदवू नका असं मी म्हणत नाही. आधी तिचा कामाचा परवाना किंवा नवा दर्जा मार्गी लावा, मग नोंदवा.

मुलाचा जन्म तिकडचा आहे. त्याला घेऊन नाशिकला येऊ का?

न विचारता येऊ नका. मुलांच्या परत पाठवणीबाबतच्या १९८०च्या हेग करारावर भारताची सही नाही. त्यामुळे इथलं कोर्ट मुलाचं हित आधी पाहतं. पण अमेरिकेत वडिलांच्या संमतीविना मूल बाहेर नेणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतं, आणि तसा आरोप झाला तर तिच्या स्वतःच्या इमिग्रेशन अर्जातल्या 'चांगल्या चारित्र्या'वर बोट ठेवलं जाईल. तिथल्या कोर्टाकडून ताब्याचा आणि प्रवासाचा हुकूम घेऊन या.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात काय?

ब्रिटनमध्ये नवरा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर छळामुळे लग्न मोडलेल्या पत्नीला थेट कायम वास्तव्य मागता येतं. तोवर तीन महिन्यांची तात्पुरती सवलत, सरकारी मदतीसह, मिळते. ही तात्पुरती सवलत २०२४पासून कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांच्या जोडीदारांनाही आहे. पत्नीला भारतात आणून टाकलं असेल, तर तिथे परतण्याच्या परवान्याचीही तरतूद आहे. कॅनडाने जोडीदारांची सशर्त कायम वास्तव्याची अट २०१७मध्येच काढली, आणि २०१९पासून कौटुंबिक हिंसेच्या बळींना फी न घेता किमान सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना देतात. ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसाच्या अर्जात छळाची तरतूद आहे, म्हणजे नातं तुटलं तरी अर्ज पुढे चालू शकतो.

छळ झालेला पुरुष असेल तर?

'वावा', यू व्हिसा आणि आय-७६५व्ही पुरुषांनाही तितकेच लागू आहेत.

पैसे नाहीत. सुरुवात कुठून करायची?

तिकडे असाल तर राष्ट्रीय घरगुती हिंसा हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, कॅलिफोर्नियात मैत्री आणि नारिका, शिकागोत अपना घर या संस्था कित्येक वर्षं काम करत आहेत. आपली भाषा, आपली नाती त्यांना समजावून सांगावी लागत नाहीत. तिथल्या भारतीय वकिलातीकडे सोडून दिलेल्या पत्नींच्या कायदेशीर खर्चासाठी मदत मागता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

इकडे असाल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. पहिल्या भेटीला येताना लग्नाचे कागद, पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स, त्याच्या कंपनीचं नाव, त्याचा शेवटचा पत्ता आणि तारखांची एक यादी आणा: लग्न, उड्डाण, पहिली मारहाण, परत आल्याचा दिवस. आणि जिचं प्रकरण आहे तिलाच बोलू द्या. काका-मामा बाहेरच्या बाकावर थांबले तरी चालेल.